गंधिक, गांधी, अत्तार

आज कार्ल्याच्या लेण्यातल्या चैत्यगृहात, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहात. दरवाज्यापाशी ब्राह्मी कोरीव लेख आहे: धेनुकाकटच्या सिंहदत्त नावाच्या ‘गंधिका’ने हे दार दान दिलं. सुमारे २००० वर्षांपूर्वीचं. पाट्यांवर याचं भाषांतर ‘अत्तरवाला’ होतं, ते अपुरं वाटतं. गान्धिक म्हणजे चंदन, अगरूपासून मसाले आणि औषधी मुळ्यांपर्यंत सगळा वासाचा माल विकणारा.

घडण सोपी: गन्ध + इक, पहिला स्वर दीर्घ, गान्धिक. प्राकृतात जोडाक्षराआधीचा ‘आ’ आखडतो, म्हणून शिलालेखात गंधिक. पुढे ‘क’ गळून गांधी. गुजरातीत या मालाला अजून ‘गांधियाणुं’ म्हणतात. गांधार देशाशी याचा संबंध लावतात, तो नुसता ध्वनिसाम्याचा घोटाळा. नफ्याचं म्हणाल तर पंचतंत्रातला व्यापारी सांगतो, एकाला घ्या, शंभराला विका!

‘अत्तार’ अरबी: इत्र म्हणजे अत्तर विकणारा, जडीबुटीही. अरबीत मूळ शब्दातलं मधलं अक्षर दुप्पट केलं की धंदेवाल्याचं नाव होतं. सर्राफ, दल्लाल तसेच. मराठीत त्यांचे सराफ, दलाल झाले, अत्तारातला ‘त्त’ मात्र टिकला.