पंखावर पट्टे नसलेला मोर

प्रमाणपत्र सकाळी आलं, मोर दुपारी उशिरा. कागद लॅमिनेट केलेला, खाली चकचकीत शिक्का, आणि ठळक अक्षरांत ‘डीएनए तपासणी : पॅव्हो म्युटिकस (म्हणजे हिरवा मोर), शुद्ध’. पूर्व जावातल्या आमच्या प्रजनन केंद्रात मी पशुवैद्यक म्हणून काम करतो. असे कागद आता सवयीचे झालेत. मोर मात्र असा क्वचितच येतो. पिंजऱ्याचं दार उघडल्यावर तो मान ताठ करून बाहेर आला, तेव्हा आमचा पक्षीपाल मास (इथे तरुण पुरुषाला असंच हाक मारतात) नुसता बघत राहिला. ‘डोक (म्हणजे डॉक्टर), हा तर अस्सलच!’

हिरवा मोर इथला, जावाचा. 2009 पासून तो आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत ‘संकटग्रस्त’ आहे, इंडोनेशियात कायद्याने संरक्षित आहे, आणि बालुरान, आलास पुर्वो अशा जंगलांत आता जपून राहिलाय. आपला निळा मोर इथे परदेशी पाहुणा. तो संरक्षित यादीत नाही, त्यामुळे हौशी लोक तो बागेत पाळतात. दोघांचा संकर सहज होतो, आणि मुख्य म्हणजे पिल्लं वांझ निघत नाहीत. अशा संकराला जगभर ‘स्पाल्डिंग’ म्हणतात, कॅलिफोर्नियातल्या श्रीमती कीथ स्पाल्डिंग यांच्या नावावरून. इथे मात्र सोयीनुसार नाव बदलतं. परवाना नसला की ‘साहेब, हा तर संकर’, आणि किंमत हवी असली की ‘शुद्ध जावा’. पक्षी तोच. म्हणून मालक काय सांगतो याकडे मी कान देत नाही.

मी पक्षी आधी पकडत नाही, लांबून बघतो. धरलेला मोर पिसं दाबून घेतो, मग उंची कळत नाही. हिरवा मोर पायांनी लांब, उभा राहतो तो ताठ. निळा जरा बसका आणि पुढे झुकलेला. माझं आजोळ मोराच्या चिंचोलीजवळ, शिरूर तालुक्यात, त्यामुळे निळ्या मोराची चाल माझ्या डोळ्यांत लहानपणापासून बसलीय. केंद्रातल्या इतरांना हिरवा चांगला ओळखता येतो. मला त्याच्यात लपलेला निळा आधी दिसतो. या धंद्यात दुसरंच जास्त उपयोगी.

मग तुरा. निळ्याचा तुरा पंख्यासारखा पसरलेला, काड्या उघड्या आणि फक्त टोकाला झुपका. हिरव्याचा तुरा उंच, अरुंद, जुडी बांधल्यासारखा, आणि प्रत्येक पिसाच्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू. पहिल्या पिढीचा संकर असला तर तुऱ्यावरूनच निकाल लागतो. तो मधलाच असतो, ना धड जुडी ना धड पंखा. या मोराचा तुरा उंच आणि अरुंद होता. पण हातात घेऊन पिसं वेगळी केली, तेव्हा दोन-तीन दांड्यांचा खालचा भाग जरा उघडा वाटला. झिजलेला असेल? असू शकतो. तो लाकडी खुराड्यातून आला होता.

मानेवरची पिसं खवल्यासारखी, मध्ये निळसर, कडेला सोनेरी हिरवी. त्यात खोट काढायला जागा नव्हती. चेहऱ्यावर उघडी कातडी असते. हिरव्याची डोळ्याभोवती निळसर आणि कानाकडे पिवळी, निळ्याची पांढरी. याची पिवळी होती, पण खालच्या कडेला फिकट. विणीचा हंगाम संपला होता, पिसाराही गळाला होता, आणि या काळात चेहऱ्याचा रंग उतरतोच. म्हणजे पुन्हा ‘असू शकतं’.

आमच्याबरोबर मालक, म्हणजे पाक (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला असं म्हणतात), उभे होते, त्यांनी पंखाकडे बोट दाखवलं. ‘बघा, पट्टे नाहीत.’ इथे सगळेच याच पट्ट्यांवर अडून बसतात. निळ्या नराच्या खांद्यावर आणि पंखावर काळे-बदामी आडवे पट्टे असतात, हिरव्या नराचा पंख गडद आणि निळसर झाकेचा. संकरात पट्टे उतरतात, म्हणून पट्टे नाहीत म्हणजे शुद्ध, असं गणित लोकांनी पाठ केलंय. गणित अर्धंच आहे. पाळीव निळ्या मोरात काळ्या खांद्याची एक जात असते. तिच्या नराच्या पंखावर पट्टे नसतातच. 1860 मध्ये स्क्लेटर या ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञाने तिला वेगळी प्रजाती ठरवून नावही दिलं होतं. ती पाळीव मोरांत आपोआप उपजते, असं पुढे डार्विनने पुराव्यानिशी मांडलं. हे लक्षण संकरात दोन्ही बाजूंनी उतरलं, तर पंख कोरा दिसतो. शिवाय संकराला पिढ्यान्‌पिढ्या हिरव्याशीच जोडत गेलं, की पट्टे पुसट होत होत नाहीसे होतात. हिरवं रक्त पंचाहत्तर टक्के, साडेसत्याऐंशी, पावणेचौऱ्याण्णव… कुठेतरी डोळ्याचं काम संपतं. पट्टे दिसले तर मी पक्षी बाद करतो. पट्टे न दिसणं हा माझ्या लेखी पुरावाच नाही.

मांडीकडे कोणी बघत नाही. निळ्या नराची मांडी फिकट बदामी, हिरव्याची गडद. मी पक्षी आडवा धरून पोटाकडची पिसं फुंकरीने बाजूला केली. डाव्या मांडीच्या आतल्या बाजूला बदामी पिसांचा एक पुंजका. उजवीकडे दोन पिसं तशीच. हे झिजण्याने होत नाही, हंगामानेही नाही.

पाक रागावले नाहीत, हे सांगायला हवं. त्यांनी शांतपणे प्रमाणपत्र पुढे केलं. मी ते पुन्हा वाचलं. तपासणी मायटोकॉन्ड्रियल डीएनएची होती. तो फक्त आईकडून येतो. हिरव्या लांडोरीला निळ्या मोरापासून झालेलं पिल्लू या तपासणीत शंभर टक्के हिरवं दिसेल, आणि ते पिल्लू मादी असेल तर तिची पिल्लंही. ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेने विचारलं तेवढं सांगितलं असेल. पण ‘शुद्ध’ हा शब्द त्यांनी छापायलाच नको होता. दोन्ही बाजू बघायच्या तर केंद्रकातल्या डीएनएच्या खुणा तपासाव्या लागतात, आणि तुलनेसाठी जंगलातल्या पक्ष्यांचे खात्रीचे नमुने लागतात. ते महाग, आणि वेळखाऊ.

आणखी एक गोष्ट, जी कोणालाच ऐकायची नसते. संकर नसला तरी पक्षी जावाचा आहे का, हा वेगळा प्रश्न. म्यानमार आणि इंडोचायनाकडचे हिरवे मोर वेगळ्या उपप्रजातींचे. त्यातला नर बालुरानच्या रक्तात मिसळला, तर तोही एक प्रकारचा संकरच.

संध्याकाळी सरकारी फॉर्म भरायला बसलो. त्यात दोनच चौकोन असतात, ‘शुद्ध’ आणि ‘संकर’. हा फॉर्म बनवणाऱ्याने मोर कधी हातात धरला असेल असं मला वाटत नाही. मी दोन्ही कोरे सोडले आणि खाली लिहिलं : ‘बाह्य लक्षणांवरून निळ्या मोराचं रक्त असल्याची शंका. पैदाशीसाठी आणि जंगलात सोडण्यासाठी अयोग्य. केंद्रकीय तपासणीची शिफारस.’ दुसऱ्याच दिवशी फोन. ‘डोक्टर, शंका या चौकोनात बसत नाही.’

केंद्रातही माझ्या बाजूने सगळे नाहीत. एका वरिष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं साधं आहे : दोन मांडीतल्या चार पिसांसाठी एवढा देखणा नर बाजूला ठेवायचा? आमच्याकडे नर कमी आहेत, हे खरं. लांडोरी वयस्कर होताहेत, हेही खरं. ‘जोडी लावून बघू, पिल्लांत पट्टे दिसले तर कळेलच,’ असं तो म्हणतो. पण नराला पूर्ण पिसारा यायला तिसरं वर्ष लागतं, पिल्लांवरून निकाल लागेपर्यंत ती कुठे कुठे गेलेली असतील, आणि लहानपणी तर हिरवा आणि संकर ओळखणं मलाही जमत नाही. बाजारात बहुतेक विक्री याच वयात होते, ते उगाच नाही. शिवाय पट्टे न दिसण्याचं कारण काळा खांदा असेल, तर पिल्लांतही काही दिसेलच असं नाही. आणि एकदा बालुरानमध्ये सोडलेला पक्षी परत बोलावता येत नाही.

इथल्या लोकांना मोर हवा असतो, त्याची कारणंही मला कळतात. पूर्व जावातल्या पोनोरोगोच्या रेओग या लोकनृत्यातला दडक मेराक, तो मोरपिसांचा प्रचंड मुखवटा नर्तक दातांनी पेलतो. 2024 मध्ये युनेस्कोने रेओगला तातडीने जपायच्या वारशांच्या यादीत घेतलं. पिसं कुठून तरी यायलाच हवीत. त्यासाठी संकर पाळा, माझा आक्षेप नाही, उलट बरं. फक्त त्याला संकर म्हणा.

मोर मागच्या एकट्या पिंजऱ्यात आहे. मी त्याला लांडोरींपासून दूर ठेवायचा लेखी आदेश काढून घेतलाय, कारण तोंडी सांगितलेलं इथे टिकत नाही. रक्ताचा नमुना गेलाय, निकाल यायचाय. निकाल शुद्ध आला, तर मी एका चांगल्या नराचा एक हंगाम वाया घालवला, असं तो सहकारी म्हणेल, आणि त्याचं म्हणणं चूक नसेल. तरीही मी पुन्हा हेच लिहीन.

पुढच्या महिन्यात त्याच विक्रेत्याकडून आणखी दोन पक्षी येणार आहेत. त्यांचं प्रमाणपत्र आजच आलं, तेही मायटोकॉन्ड्रियल.