रंग बघायला जायचं तर: लिस्बन, सिंगापूर, बुरानो, मेक्सिको सिटी

लिस्बनच्या विमानतळावर उतरलात की टॅक्सीच्या रांगेत उभे राहू नका, मेट्रोची लाल मार्गिका धरा. शहराचं तोंड दिसायच्या आधीच तिथले सगळ्यात धीट रंग जमिनीखाली बघून होतात. विमानतळाच्या स्टेशनवर पोर्तुगालमधल्या नामवंतांची काळ्या-पांढऱ्या दगडातली व्यंगचित्रं आहेत. तिथून तिसरं स्टेशन ओरिएंते. 1998 च्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने ते उघडलं आणि त्याच्या भिंतींसाठी वेगवेगळ्या देशांच्या चित्रकारांकडून टाइल्सवरची कामं करून घेतली गेली. जपानच्या यायोई कुसामा, ऑस्ट्रियाचे हुंडर्टवासर, आणि भारताचे सय्यद हैदर रझा. नागपूर आणि मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या रझांचं काम लिस्बनमध्ये ऑफिसला जाणारी माणसं रोज बघतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक प्रवाशांना ते तिथे आहे याचा पत्ताच नसतो.

त्याच मार्गिकेवर पुढे ओलाइयास. तोमाश तावेइरा या वास्तुरचनाकाराने इथे रंगाच्या बाबतीत काहीच हातचं राखलेलं नाही. जाडजूड खांब, रंगीत छत, भडक भौमितिक आकार. काहींना हे स्टेशन कर्कश वाटेल. पण आकार मोठे आणि रंग थोडे ठेवले की भडकपणाही सांभाळता येतो, हे इथे स्वच्छ दिसतं. मग आलामेदाला हिरवी मार्गिका पकडून काइश दो सोद्रेच्या दिशेने तिसऱ्या स्टेशनवर, इंतेंदेंतेला उतरायचं. इथल्या टाइल्स मारिया कैल यांच्या. लिस्बन मेट्रो 1959 मध्ये सुरू झाली तेव्हापासून त्यांनी अनेक स्टेशनांच्या भिंती केल्या. पैशाची चणचण असताना, एकाच आकाराच्या साध्या फरशीतून किती विविधता काढता येते ते त्यांच्याकडून शिकावं. तिकीट 24 तासांचं घ्या, म्हणजे वाटेत उतरून पुन्हा चढण्याचा हिशेब डोक्यात ठेवावा लागत नाही. कार्ड मात्र माणशी एक लागतं. दोघांत एक चालत नाही.

रंगीत ठिकाण निवडताना आम्ही एकच प्रश्न आधी विचारतो: इथे रंग कशात आहे? भट्टीतल्या झिलईत, चुन्याच्या सफेदीत, डब्यातल्या इमल्शनमध्ये, की दगडातच? या उत्तरावर ठरतं कुठल्या वेळी जायचं, किती लांब उभं राहायचं, आणि तो रंग आपल्याकडे टिकेल की नाही.

लिस्बनमध्ये तो झिलईत आहे. इंतेंदेंते स्टेशनमधून वर आलं की चौकातच जुन्या व्हिउवा लामेगो टाइल कारखान्याची दर्शनी भिंत आहे, 19 व्या शतकात रंगवलेली, पिवळ्या-निळ्या आकृत्यांनी भरलेली. तिच्यासमोर दुपारी बाराला गेलात तर फोटोत नुसती चकाकी येईल. झिलईची फरशी आरशासारखा उजेड फेकते, त्यामुळे ढगाळ दिवस उत्तम. ऊन असेल तर सरळ समोर उभं न राहता तिरकं उभं राहा, किंवा कॅमेऱ्याला पोलरायझर (चकाकी कापणारी फिरती काच) लावून हळूहळू फिरवा. चकाकी एका ठरावीक कोनात विझते आणि खालचा रंग वर येतो. अल्फामा आणि मोरारिया या वस्त्यांतल्या साध्या घरांवर जी नक्षी दिसते ती बहुतेक चार फरशांची असते. साधारण 14 सेंटिमीटरची एकच फरशी, दर वेळी पाव फेरा फिरवून बसवलेली. हातभर अंतरावरून निळा आणि पिवळा वेगळे दिसतात. रस्त्याच्या पलीकडून बघा, दोन्ही मिसळून हिरवट राखाडी झालेले असतात. कापड किंवा छापील कागद करणाऱ्यांनी हे दोन्ही अंतरांवरून टिपून घ्यावं. दुकानातला नमुना जवळून आवडतो आणि खोलीभर लावला की मळकट वाटतो, त्याचं कारण हेच.

टाइल संग्रहालय 1509 मध्ये स्थापन झालेल्या मठात आहे. त्यातली सुमारे 23 मीटर लांबीची निळी-पांढरी चित्रपट्टी 1755 च्या भूकंपाआधीचं लिस्बन दाखवते. सोमवारी बंद असतं, आणि जुनी इमारत असल्याने दुरुस्तीसाठी दालनं बंद ठेवतात. आधी बघून निघा. फेइरा दा लाद्रा या मंगळवार-शनिवारच्या जुन्या बाजारात सुट्या फरशा विकायला असतात. त्या घेऊ नका. भिंतीवरून उचकटून आणलेल्या फरशा अशाच बाजारांत खपतात, आणि जुन्या दर्शनी भिंतींवर जी भोकं पडलेली दिसतात ती त्यामुळेच. हौस असेल तर नव्या, हाताने रंगवलेल्या फरशा करणारी दुकानं शहरात आहेत. आणि निळ्या-पांढऱ्याची गोडी लागलीच, तर पणजीला मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात जॉर्ज कोलासो यांनी केलेला टाइल्सचा पट्टा आहे. पोर्तोच्या साओ बेंतो रेल्वे स्टेशनच्या भिंती रंगवणारा हाच माणूस.

सिंगापूरची रंगीत घरं म्हटली की सगळ्यांच्या फोटोत कून सेंग रोड असतो. जू चियाट भागातल्या या गल्लीत पेरानाकन (इथेच रुजलेल्या चिनी-मलय वळणाच्या) घराण्यांची दुमजली घरं दोन्ही बाजूंना समोरासमोर उभी आहेत. फिका हिरवा, गुलाबी, आकाशी, लोण्यासारखा पिवळा. रंगाची वाटणी बघा: मोठ्या भिंतीवर फिका रंग, त्यावरचं उठावाचं चुनेकाम पांढरं, आणि गडद रंग फक्त झडपांना आणि अर्ध्या दरवाजांना. खिडकीखालच्या पट्ट्यात उठावाच्या फुलांच्या टाइल्स. म्हणजे भडक रंग फारच थोड्या जागेत आहे, तरी घर रंगीत वाटतं. आपल्याकडे बंगला रंगवताना याच्या नेमकं उलट होतं. सगळी भिंत गडद आणि चौकटी पांढऱ्या. दोन वर्षांत ऊन-पावसाने गडद भिंत डागाळली की घर म्हातारं दिसायला लागतं.

वेळेचं गणित इथे वेगळं आहे. सिंगापूर विषुववृत्तापासून जेमतेम दीडशे किलोमीटरवर, त्यामुळे दुपारी एकच्या सुमाराला सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. छपराची सावली वरच्या मजल्यावर पडते आणि उठावाच्या कामाखाली काळ्या रेघा ओढल्या जातात. गल्ली ढोबळमानाने पूर्व-पश्चिम आहे. म्हणून एप्रिल ते ऑगस्ट उत्तरेकडे तोंड असलेल्या रांगेवर ऊन येतं आणि ऑक्टोबर ते फेब्रुवारी समोरच्या रांगेवर. सकाळी नऊ-साडेनऊ किंवा संध्याकाळी पाचनंतर जा. सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सातच्या आसपासच मावळतो, वर्षभर. वातानुकूलित गाडीतून उतरल्याउतरल्या कॅमेरा काढू नका. थंड काचेवर दमट हवेचं बाष्प धरतं. पिशवी बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटं चाला, मग काढा. ही राहती घरं आहेत, फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही.

लोक कून सेंगला जातात आणि पेटेन रोड सोडून देतात, याचं वाईट वाटतं. फॅरर पार्क स्टेशनपासून चालत जाता येईल अशा त्या रस्त्यावर 18 घरांची एक अखंड रांग आहे, आणि तिचे खांब टाइल्सनी मढवलेले आहेत. गर्दी नाही, आणि घरांपुढची झाकलेली ओसरी सलग आहे. सिंगापूर वसवणाऱ्या ब्रिटिश अधिकारी रॅफल्सच्या 1822 च्या नगर आराखड्यात दुकानांपुढे पाच फुटी ओसरी सक्तीची केली गेली, तिचंच हे रूप. पावसात इथूनच सगळं बघता येतं.

लिटिल इंडियातलं टॅन टेंग निया यांचं घर 37, केरबाऊ रोडला आहे. 1900 मध्ये बांधलेलं, त्या भागात उरलेलं शेवटचं चिनी निवासस्थान. आज त्याच्या खिडकी-खिडकीला वेगळा रंग आहे, पण हा साज 1980 च्या दशकातल्या दुरुस्तीनंतरचा. जुन्या दुकान-घरांना चुन्याची सफेदी असायची, फार तर त्यात नीळ किंवा पिवळी माती. आपल्या कोकणातल्या घरांसारखंच. तेव्हा सिंगापूरचे रंग बघून ‘परंपरा’ असं लिहिण्याआधी थांबावं. हिल स्ट्रीटच्या जुन्या पोलीस ठाण्याच्या 927 खिडक्यांचंही तेच: इमारत 1934 ची, इंद्रधनुष्य खूप नंतरचं. फोर्ट कॅनिंग किंवा क्लार्क की स्टेशनवरून जाता-जाता बघा, मुद्दाम फेरी मारू नका.

आवडलेला रंग नोंदवून घरी आणायचा असेल, तर फोनच्या फोटोवर विसंबू नका. फोन आपणहून रंग चढवतो आणि गुलाबी-लाल तर हमखास फाटतात. एक्स्पोजर लॉक करून थोडं खाली ओढा आणि पहिल्या फोटोत छायाचित्रकारांचं करडं कार्ड धरा, म्हणजे नंतर रंग त्यावरून जुळवता येतात. त्याऐवजी पांढरा कागद धरणारे बरेच असतात, पण छपाईच्या कागदात चमक आणणारी रसायनं असतात आणि उन्हात तो निळसर दिसतो, त्यामुळे सगळाच हिशेब पिवळ्याकडे सरकतो. सगळ्यात भरवशाचं म्हणजे शेडकार्ड. भिंतीच्या सावलीतल्या भागाला टेकवून जुळवायचं. एनसीएस या रंगांना क्रमांक देणाऱ्या स्वीडिश पद्धतीचं कार्ड असेल तर क्रमांकच बोलतो: एस 2030-वाय20आर म्हणजे काळेपणा 20, रंगाचा जोर 30, आणि पिवळ्यात 20 टक्के लाल. घरी रंग काढताना मात्र हाच क्रमांक देऊ नका. बाहेरच्या मोठ्या भिंतीवर कुठलाही रंग कार्डापेक्षा उजळ आणि जोरदार दिसतो. एक पायरी मंद घ्या आणि आधी मीटरभर चौरस रंगवून सकाळ-दुपार बघा.

बुरानोला जायचं तर व्हेनिसच्या फोंदामेंते नोवे धक्क्यावरून 12 क्रमांकाची बोट, पाऊण तासाच्या आसपास. सुटं तिकीट इतकं महाग आहे की मुरानो आणि बुरानो दोन्ही करणार असाल तर दिवसाचा पास परवडतो. अकरा ते चार या बेटावर पाय ठेवायला जागा नसते. पहिल्या बोटींपैकी एक धरा, किंवा चारनंतर जा आणि परतीच्या बोटींच्या वेळा धक्क्यावरच टिपून ठेवा. धुक्यात कोळ्यांना आपलं घर ओळखता यावं म्हणून हे रंग, अशी कथा प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. आज मात्र घरमालकाला मनाला येईल तो रंग देता येत नाही, परवानगी घ्यावी लागते आणि त्या जागेसाठी ठरलेल्या रंगांतूनच निवडावं लागतं. शेजारशेजारची दोन घरं सहसा एका रंगाची नसतात ती त्यामुळे.

पण बुरानोत बघण्यासारखी गोष्ट खालच्या मीटरभर भिंतीत आहे. खारं पाणी विटांतून वर चढतं, वाळताना मिठाचे स्फटिक गिलाव्यात फुगतात आणि पोपडे सुटतात. जिथे चुन्याचा रंग आहे तिथे भिंत भुरभुरते, पण ओल बाहेर पडते. जिथे वरून प्लास्टिक इमल्शनचा जाड थर दिला आहे तिथे ओल आत कोंडते, रंगाचे फुगे येतात आणि ताव्याताव्याने सोलून पडतात. मालवण-वेंगुर्ल्याकडे जुन्या चिऱ्याच्या भिंतीवर पुट्टी आणि ॲक्रिलिक मारल्यावर जे होतं, तेच. चुन्यात टिकणारे रंगही मोजकेच. गेरू, पिवळी माती आणि नीळ चालते. प्रशियन निळा चुन्याच्या दाहकतेने मरतो.

बुरानोहून एकच बोट पुढे टॉर्चेलो आहे. तिथल्या सान्ता मारिया आसुन्ता चर्चच्या आतलं सोनेरी मोझेक बघितल्याशिवाय परत फिरू नका. काचेचे तुकडे मुद्दाम थोडे वेडेवाकडे बसवलेले असतात, म्हणून आपण चालू लागलो की सोनं हलतं.

मेक्सिको सिटीत वास्तुरचनाकार लुईस बारागानचं राहतं घर (1948) आणि त्यानेच रचलेलं कासा गिलार्दी हे घर (1976) ही दोन्ही कॉन्स्तितुयेंतेस मेट्रोपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. पहिलं युनेस्कोच्या यादीत आहे. दोन्हीकडे आधी नोंदणी लागते, पहिल्याची तिकिटं खुली होताच संपतात, आणि फोटो काढायचे तर वेगळे पैसे पडतात. म्हणून विमानाच्या तारखा पक्क्या करण्याआधी तिकीट मिळतंय का ते बघा. गिलार्दीच्या आत चालत जायची एक पिवळी, बोळासारखी वाट आहे. भिंतीतल्या उभ्या अरुंद फटींना पिवळा रंग दिलेला असल्याने आत येणारा उजेडच पिवळा होतो. तिच्या टोकाला निळ्या भिंतीची पाण्याची टाकी आणि पाण्यातून वर आलेला एक लाल-गुलाबी भिंतखांब. दुपारच्या सुमारास वरच्या झरोक्यातून ऊन तिरपं उतरतं, तीच वेळ मागून घ्या. अंगणातला जॅकरँडा न तोडता घर त्याच्याभोवती रचलं आहे. तो फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान फुलतो आणि गुलाबी भिंतीसमोर जांभळा पडदा धरतो.

हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 2,240 मीटरवर आहे. अतिनील किरणांचा मारा जास्त, त्यामुळे बाहेरचे गुलाबी-जांभळे रंग लवकर उडतात आणि असल्या भिंती पुन्हापुन्हा रंगवाव्या लागतात. ते टाळायचं तर काय करावं, याचं उत्तर याच शहरात राष्ट्रीय विद्यापीठाच्या मध्यवर्ती ग्रंथालयावर आहे. वास्तुरचनाकार-चित्रकार हुआन ओ’गोर्मानने 1950 च्या दशकात त्याच्या चारही बाजू देशभरातून गोळा केलेल्या नैसर्गिक रंगांच्या दगडांनी मढवल्या. दगडाचा रंग उडत नाही. मनासारखा निळा दगड मात्र मिळेना, म्हणून निळ्यासाठी रंगीत काच वापरली. मेट्रोबसच्या 1 क्रमांकाच्या मार्गाने सेयू (CU, म्हणजे विद्यापीठ नगर) स्थानकाला उतरा, तिथून आवारात पायी जाता येतं आणि बाहेरून बघायला पैसे पडत नाहीत. दक्षिणेकडची बाजू दिवसभर उजेडात असते, उत्तरेकडची बाजू ढगाळ दिवशी जास्त नीट दिसते. आणि भारतीय पासपोर्टवर वैध अमेरिकन, कॅनेडियन, ब्रिटिश, जपानी किंवा शेंगेन व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा काढावा लागत नाही. निघण्याआधी तेवढा नियम ताजा बघून घ्या.