बॉल्स ब्लफ

रविवार, ऑक्टोबर

व्हर्जिनियातल्या लीसबर्गच्या टोकाला घरांची वस्ती संपते, तिथून झाडीत शिरलं की बॉल्स ब्लफचं मैदान. ॲशबर्नकडची आपली मंडळी इथे चालायला येतात, मीही त्यासाठीच येते. आज मात्र पायवाट सोडून दगडी कुंपणाच्या आत गेले. आवार एखाद्या वाड्याच्या चौकाएवढं असेल. अमेरिकेतल्या अगदी लहान राष्ट्रीय लष्करी दफनभूमींपैकी ही एक. यादवी युद्धातले उत्तरेकडचे ५४ सैनिक आणि कबरी २५. नाव फक्त एकाचं ठाऊक आहे : जेम्स ॲलन, १५वी मॅसॅच्युसेट्स रेजिमेंट. बाकी सगळे 'अज्ञात'.

२१ ऑक्टोबर १८६१ ला लढाई झाली. मेलेल्यांना इथेच उथळ खड्ड्यांत घाईने पुरलं. १८६५ मध्ये दफनभूमी झाली, तोवर कोण कुठला हे ओळखणार कसं?

आणि लढाईचं निमित्त काय, तर झाडं! आदल्या रात्री टेहळणीला आलेल्या तुकडीला अंधुक उजेडात झाडांची रांग दिसली, त्यांनी शत्रूचे तंबू म्हणून कळवलं. सकाळी छापा घालायला आलेल्यांना तंबू सापडले नाहीत. तेव्हाच परत फिरता आलं असतं. पण चकमक सुरू झाली आणि कर्नल एडवर्ड बेकरने पोटोमॅक ओलांडून आणखी माणसं आणायचा सपाटा लावला. हा बेकर सिनेटर, लिंकनचा जिवलग. लिंकनने आपल्या एका मुलाचं नाव त्याच्यावरून ठेवलेलं. होड्या मोजक्याच. पाठीशी उभा कडा आणि फुगलेली नदी असताना आधी होड्या मोजाव्यात, हे कळायला युद्धशास्त्र लागत नाही. मला त्याचा रागच आला.

बेकर दुपारी गोळ्या लागून पडला. माघार घेताना माणसं कड्यावरून खाली घसरली, खच्चून भरलेली होडी बुडाली, पोहणाऱ्यांवर वरून गोळीबार. काही प्रेतं वाहत पार वॉशिंग्टनपर्यंत गेली. उत्तरेचे साधारण १,७०० लढले, त्यातले हजारेक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले.

बेकरच्या नावाचा दगड कुंपणाबाहेर आहे, पण तो पुरलाय सॅन फ्रान्सिस्कोला. जवळच दक्षिणेकडच्या क्लिंटन हॅचरचा दगड. तोही इथे पुरलेला नाही. म्हणजे ज्यांची नावं लख्ख कोरलीत ते इथे नाहीत, आणि जे आहेत त्यांच्यातल्या एकालाच नाव. आपल्याकडच्या कित्येक वीरगळांवरही नाव नसतं, पण निदान ढाल-तलवार घेतलेला माणूस कोरलेला असतो. इथे तेही नाही.

मेलेल्या सिनेटरला बोल कोण लावणार? खापर फुटलं बेकरच्या वरच्या अधिकाऱ्यावर, जनरल चार्ल्स स्टोनवर. काँग्रेसची चौकशी समिती बसली, आरोपपत्र न देताच त्याला १८९ दिवस कैदेत ठेवलं. सुटला, पण बट्टा राहिलाच. घरी येऊन त्याचं पुढचं वाचलं तर स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा बांधला तेव्हा मुख्य अभियंता हाच! पुढच्या उन्हाळ्यात आई-बाबा आले की न्यूयॉर्कची फेरी ठरलेलीच आहे. या वेळी त्यांना आधी चौथरा दाखवीन. बाबा म्हणतीलच, "एवढ्या लांबून आलो ते पायथा बघायला?"