रोटिफर वही: तीन जाती होत्या, एक उरली

एकाच बरणीत ब्रॅकिओनस या रोटिफरच्या, म्हणजे पाण्यातल्या सूक्ष्म प्राण्याच्या, तीन जाती सापडल्याचं मागच्या नोंदीत मी रुबाबात लिहिलं होतं. त्यातल्या दोन आज मागे घेतोय.

कवचाच्या मागच्या कोपऱ्यांवरून वाटणी केली होती: बिनकाट्याची, आखूड काट्यांची, लांब काट्यांची. काल तिन्ही रेखाटनं शेजारी ठेवली, तर पुढची कड सगळ्यांची सारखीच! पाठीकडे चार काटे, मधले दोन किंचित लांब. खाली वळ्यावळ्यांचा, आत ओढता येणारा पाय. सगळ्या ब्रॅकिओनस कॅलिसिफ्लोरसच.

मग वही उलटी चाळली. लांब काट्यांच्या प्रत्येक पानावर अ‍ॅस्प्लँक्ना हजर होती, ती पारदर्शक पिशवीसारखी दुसरी रोटिफर, जी यांनाच गिळते. तिच्या अंगातून पाण्यात उतरणाऱ्या रसायनाची चाहूल लागली की मादीची पुढची पिढी काटे घेऊनच अंड्यातून बाहेर पडते. संशोधक गिल्बर्ट यांनी हे १९६६ मध्येच प्रयोगांनी मांडलं होतं. आईला मात्र काटे फुटत नाहीत, म्हणून एकाच थेंबात मायलेकी वेगळ्या दिसतात आणि माझ्यासारखा त्यांना दोन नावं देतो.

नावही मी आता ‘कॅलिसिफ्लोरस गट’ एवढंच लिहितो. २०१८ मध्ये या एका नावाखालून चार जाती वेगळ्या काढल्या गेल्या. माझ्या सूक्ष्मदर्शकाने त्यात लुडबूड न केलेलीच बरी.

जबडे पाहायचेच होते. घरगुती ब्लीचने मऊ भाग विरघळतो आणि जबडे उरतात, पण पहिल्या दोन वेळा टिपकागदाने पाणी ओढताना तेही वाहून गेले. तिसऱ्यांदा कव्हरस्लिपच्या कडेला ब्लीचचा इवलासा थेंब सोडला, स्लाइडला हात लावला नाही आणि १०× वर नजर रोखून बसलो. मिळाले! मॅलिएट, म्हणजे भरडणारे. अ‍ॅस्प्लँक्नाचे इन्क्युडेट, चिमट्यासारखे. यावरून जात ठरत नाही, पण चुकीच्या दारात शिरणं टळतं.

ब्डेलॉइड, म्हणजे जळूसारखे सरकणारे रोटिफर, ओझरतेच पाहिले. ते जिवंतच ओळखावे लागतात, फॉर्मॅलिन पडलं की आक्रसून गोळा होतात. डोळे सोंडेच्या टोकाला असले तर रोटारिया, मेंदूवर असले तर फिलोडिना. आजच्या एकाचे डोळेच दिसेनात. मग पायाची बोटं मोजायला गेलो, तीन की चार, तर पठ्ठ्याने पायच आत घेतला. वीस मिनिटं वाट पाहिली. वहीत प्रश्नचिन्ह.