प्रमाण गळती आणि मे महिन्यातील तापमान

मे महिन्यात सातपूरच्या एका कारखान्यातून हीलियमची प्रमाण गळती आमच्या अंबडच्या प्रयोगशाळेत परत आली. काचेच्या पातळ पडद्यातून ठरावीक दराने हीलियम झिरपू देणारी ही कुपी लीक डिटेक्टरच्या कॅलिब्रेशनसाठी वापरतात. "सर, हिच्यावर यंत्र जुळवले की आमची दुसरी, कॅपिलरीची म्हणजे केसासारख्या बारीक नळीची प्रमाण गळती एक तृतीयांशाने कमी दिसते, तुमच्या प्रमाणपत्रातला आकडाच चुकलेला नाही ना?" असे तेथील गुणवत्ता विभागाच्या मॅडमनी विचारले. प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर मोजूनच देणे भाग होते.

प्रमाणपत्रावरचा दर सेकंदाला एक कोट्यंश मिलिबार-लिटर होता. या गतीने वातावरणाच्या दाबाचा एक घन सेंटिमीटर हीलियम बाहेर पडायला सुमारे ११७ दिवस लागतात, म्हणून एवढा प्रवाह थेट मोजता येत नाही. तो १०० मिलिलिटरच्या निर्वात, बंद पात्रात साठू द्यायचा आणि दाब किती वाढला ते पाहायचे. तासाभरात ही वाढ जेमतेम ०.३६ पास्कल होते. तेवढ्या वेळात पोलादी भिंतींतून सुटणारा हायड्रोजन आणि पाण्याची वाफही दाब वाढवतात. त्यामुळे पात्र आधी तापवून घ्यावे लागते, आत गेटर ठेवावा लागतो, जो हे वायू शोषून घेतो पण निष्क्रिय हीलियमला हात लावत नाही, आणि कुपीची झडप बंद ठेवून मिळालेली वाढ नंतर वजा करावी लागते. माझ्या मते या कामातील खरे कौशल्य त्या वजाबाकीतच आहे.

२३ अंशांना मोजलेला दर प्रमाणपत्राशी जुळला. मग मी मॅडमना कुपीची जागा विचारली. ती डिटेक्टरच्या पंपाशेजारी, ३६ अंशांत असे. काचेतून झिरपणारा हीलियम दर अंशाला सुमारे तीन टक्क्यांनी वाढतो, आणि कुपी ३६ अंशांवर ठेवून मोजल्यावर दर जवळजवळ दीडपट निघाला. कॅपिलरीवर तापमानाचा परिणाम फार थोडा होतो, म्हणूनच ही तफावत उघड झाली.

चूक धोक्याच्या बाजूची होती. दीडपट प्रवाहाला यंत्र प्रमाणपत्रातला आकडा समजत असल्याने खरी गळती कमी दिसे, आणि कारखान्यात तपासल्या जाणाऱ्या सर्किट ब्रेकरच्या निर्वात बाटल्यांपैकी (वीजप्रवाह तोडताना उडणारी ठिणगी यांच्यात विझते) मर्यादेपेक्षा जास्त गळणारी बाटलीही पास होऊ शकत असे. अशा बाटलीत हवा शिरत गेली तर ऐन वेळी ठिणगी विझत नाही. मॅडमनी उन्हाळ्यात पास झालेला माल त्याच दिवशी थांबवून फेरतपासणीला लावला. आम्ही नव्या प्रमाणपत्रावर दराशेजारीच तापमान आणि दर अंशाची दुरुस्ती ठळक छापली, आणि कुपीला तापमापक बांधून ती परत पाठवली.