तुम्ही विचारलंत म्हणून: फायटर माशाला पाण्याची टाकी केवढी घ्यायची?

वीस लिटर. शक्यतो त्याच्या खाली जाऊ नका.

एवढं सांगून थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यापुढचा प्रश्न मला आता पाठ झालाय. "एवढ्याशा माशाला एवढी मोठी टाकी?" जिन्यात, ऑफिसात डबे उघडल्यावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. घरी येणारा प्रत्येक जण हॉलमधली टाकी बघतो, आतला बोटाएवढा मासा शोधतो आणि हेच विचारतो. विचारण्यात वाईट काही नसतं, कळतं मला. तरी दर वेळी पोटात काहीतरी आवळतं, कारण हाच प्रश्न मीही विचारला होता. दुकानात, अडीच लिटरचा काचेचा गोल बाउल हातात धरून. मला हवं होतं तेच उत्तर मिळालं. "काही लागत नाही हो ताई फायटरला. फिल्टर नको, काही नको." मी खूश होऊन घरी आले.

तुमच्यातले निम्मे लोक मला सांगतात की तो वरची हवा घेतो, म्हणून त्याला लहान भांडं चालतं. बरोबर आहे, घेतो. कल्ल्यांच्या वर त्याला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, पाण्यातला प्राणवायू कमी पडला तरी तो पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घेतो. दुकानातल्या कपांमध्ये ते तग धरतात ते यामुळेच, आणि वेगवेगळ्या कपांत ठेवतात ते दोन नर एकमेकांना फाडतात म्हणून. पण श्वास वरचा घेतला तरी अंग त्याच पाण्यात असतं. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडत असतो. उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. अडीच लिटरमध्ये हा अमोनिया जाणार कुठे? कल्ल्यांनाच भाजतो तो.

उरलेले निम्मे म्हणतात, "थायलंडमध्ये तो भाताच्या शेतात, डबक्यात राहतो." हेही खरं. त्या देशाने 2019 मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर केलं, इतका तो तिथल्या मातीतला आहे. पण भाताचं शेत आपण पाहिलेलं नाही का? पावसाळ्यात मुळशीला किंवा मावळात जा. खाचरात पाणी घोट्याएवढंच असतं, पण या बांधापासून त्या बांधापर्यंत पसरलेलं असतं. पाणी उथळ असणं वेगळं आणि थोडं असणं वेगळं. या दोन शब्दांतला फरक मला एका माशाच्या जिवावर कळला.

त्याचं नाव सरदार. बाबांनी ठेवलेलं. निळा अंगरखा, कडेला लाल पट्टा. आमच्या सहकारनगरच्या घरात बाउल टीव्हीशेजारी होता आणि बाबांची खुर्ची समोर, त्यामुळे दिवसभर दोघं एकमेकांसमोर. मी रोज रात्री बादली भरून ठेवायची, क्लोरीन उडून जावं म्हणून, आणि रोज सकाळी बाउलमधलं सगळं पाणी ओतून नवीन भरायची. खडे चोळून धुवायची. बाउल लख्ख दिसला पाहिजे. हे मी मनापासून करत होते आणि मला त्याचा अभिमान होता. त्या खड्यांवर अमोनिया पचवणारे जिवाणू वाढतात, आधी त्याचं नायट्राइट करतात, मग त्यामानाने निरुपद्रवी नायट्रेट, हे मला माहीत नव्हतं. तेच मी रोज सकाळी सिंकमध्ये धुऊन टाकत होते.

नोव्हेंबर संपता संपता बाबा म्हणाले, "हा हल्ली झोपून असतो गं फार." मी म्हटलं, थंडी आहे, असेल सुस्तावलेला. आठवड्याने पुन्हा म्हणाले, "अगं, त्याला जरा एका पाण्यात राहू दे ना. किती बदलशील?" मी काय उत्तर दिलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. "बाबा, तुम्हाला यातलं कळत नाही."

डिसेंबरातला गुरुवार. पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको, दुरुस्तीसाठी पाणी बंद. भरून ठेवलेली माझी बादली घरात कुणीतरी वापरून टाकली. त्या दिवशी बाउलचं पाणी बदलता आलं नाही. शुक्रवारी सकाळी नेहमीप्रमाणे पाणी उशिरा आणि कमी दाबाने आलं, किंचित गढूळ, क्लोरीनचा वास नाकाला झोंबेल असा. बाउलमधलं पाणी एका दिवसात पांढुरकं झालं होतं. मला ऑफिसला उशीर होत होता. नळाचं पाणी बर्फासारखं, म्हणून त्यात गिझरचं थोडं मिसळलं, हात घालून पाहिला, कोमट वाटलं. सरदारला गाळणीने उचललं आणि त्यात सोडलं.

तो आधी गरकन फिरला. काचेवर दोनदा आपटला. मग वर येऊन तोंड उघडं टाकून राहिला. मी बघितलं. हे मी लपवत नाही, मी ते बघितलं आणि तरी चपला घातल्या. म्हटलं, बसेल अंगवळणी.

संध्याकाळी आले तेव्हा बाबांनी खुर्ची बाउलच्या अगदी जवळ ओढून घेतली होती. सरदार तळाशी एका कुशीवर पडलेला. कल्ले बाहेरच्या बाजूला ताठ उघडे, निळा रंग उडून राखेसारखा. थोड्या थोड्या वेळाने शेपटी मारून वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा आणि पुन्हा दगडासारखा खाली जायचा. बाबा म्हणाले, "दुपारपासून मोजतोय. आधी लवकर लवकर येत होता." मी दुकानात फोन केला. मीठ टाका म्हणाले, टाकलं. मग घाबरून निम्मं पाणी पुन्हा बदललं. रात्री खोलीतला गारठा वाढला तसा बाबांनी आपली शाल बाउलभोवती गुंडाळली. शनिवार सगळा असाच. रविवारी संध्याकाळी तो वर आलाच नाही. जास्वंदीच्या कुंडीत त्याला पुरलं. माती बाबांनीच लोटली. मला काही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

कशाने गेला? क्लोरीनने, पाण्याच्या तापमानाच्या धक्क्याने की आधीच साठत आलेल्या अमोनियाने? मला ठरवता येत नाही. नंतर मी थर्मामीटर आणला आणि रिकाम्या बाउलमध्ये पाणी भरून दोन दिवस मोजलं. पहाटे 17, दुपारी ऊन आलं की 24. त्याला 24 ते 28 लागतं, तेही स्थिर. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी अशा भांड्यात अडकले होते जिथून सुटकाच नव्हती. पाणी बदललं नाही तर अमोनिया, बदललं तर धक्का. थेंबभर औषध टाकलं तरी प्रमाण चुकणार, दोन दाणे जास्त पडले तरी सकाळी पाणी नासणार. मोठ्या टाकीत पाणी सावकाश बिघडतं, सावकाश गार होतं. एक गुरुवार चुकला तर मासा त्या चुकीतून वाचतो. तुम्ही विचारता ना, एवढी मोठी कशाला? माझा गुरुवार चुकू शकतो म्हणून.

तेव्हाची मी अजूनही मनात वाद घालते. म्हणते, तू निष्काळजी नव्हतीस, रोज पाणी बदलत होतीस, दुकानदाराने सांगितलं तसंच केलंस. खरं आहे ते. मग बाबांचं का ऐकलं नाहीस, यावर ती गप्प होते.

आता कामाचं. इंचात लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करा आणि 61 ने भागा, लिटर येतात. दुकानात सहज मिळणारी 12 बाय 8 बाय 8 ची टाकी साडेबारा लिटरची. माझी 18 बाय 10 बाय 10, म्हणजे साडेएकोणतीस, खडे आणि वरची रिकामी जागा सोडून पंचविसेक. इंटरनेटवर पाच गॅलन वाचता ते अमेरिकन गॅलन, म्हणजे सुमारे 19 लिटर. उंच टाकी घेऊ नका. त्याला सारखं वर यायचं असतं आणि लांब पंखांच्या फायटरला ती चढण दमवते. आडवी, लांब घ्या. झाकण हवंच, तो उडी मारतो. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर लावा, पंपाची हवा अगदी मंद ठेवा, जोराच्या प्रवाहात तो झेंड्यासारखा फडफडत राहतो. थर्मोस्टॅटचा, म्हणजे ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद-चालू होणारा हीटर घ्या. मासा आणण्याआधी टाकी चार-सहा आठवडे चालवून जिवाणू वाढू द्या, आणि नंतर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला, सगळं कधीच नाही. अँटी-क्लोरीनची बाटली घरात असू द्या. रस्त्याकडेच्या देशी बदामाचं वाळलेलं पान धुऊन टाका, पाणी चहासारखं होतं, त्याला आवडतं. भरलेली टाकी पाणी, काच, खडे धरून 35 किलोच्या घरात जाते, तेव्हा टीव्हीच्या नाजूक स्टँडवर ठेवू नका.

इतकं सगळं सांगितल्यावर मला गप्प करणारी एक गोष्ट आहे आणि ती शेजारच्या काकूंनी बरोबर हेरली. आत्ताचा मासा दोन वर्षं झाली ठणठणीत आहे, आणि दिवसातला बराच वेळ तो डाव्या कोपऱ्यात, बदामाच्या पानाखाली बसून असतो. "बघ, त्याला तेवढीच जागा लागते," काकू म्हणतात. मी म्हणते, कोपरा त्याने निवडलाय, आम्ही त्याला कोपरा दिलेला नाही. म्हणताना माझा आवाज चढतो. सिंहगड रोडला माझ्या मैत्रिणीकडे साडेबारा लिटरमध्ये एक फायटर तीन वर्षं जगला, हेही मी डोळ्यांनी पाहिलंय. ती हीटर लावायची, रविवार न चुकता थोडं पाणी बदलायची. मग वीस हा आकडा मी कशाच्या जोरावर सांगते? सरदारच्या जोरावर, दुसरं काय.

खालच्या मजल्यावरच्या मुलाला वाढदिवसाला कुणीतरी बरणीत फायटर दिलाय. काल वर आला होता. त्याच्या टेबलावर फूटभरापेक्षा जास्त जागा नाही आणि आई याहून मोठी घेऊ देणार नाही. मी वीस लिटर म्हणायला तोंड उघडलं, त्याचा चेहरा पाहिला आणि म्हटलं, "एक फुटी घे. पण हीटर आणि झाकण आजच." तो उड्या मारत गेला. बाबा खुर्चीतून म्हणाले, "त्याला गुरुवारचं सांगितलंस का?"

सांगितलं नव्हतं. तशीच जिना उतरून गेले.