बोटभर फट

आधी हे वाचा, बाकीचं नंतर: सायलेन्सरची नळी बंपरमधून काढायची असेल, तर गाडी स्वतःच्या चाकांवर उभी असल्याशिवाय शेवटचं वेल्डिंग कोणालाही करू देऊ नका. मला हे कळायला अख्खा उन्हाळा गेला.

गाडी १९५९ची कॉर्व्हेट, म्हणजे शेवरोलेची स्पोर्ट्स कार, २८३ क्युबिक इंचांचं व्ही-८ इंजिन. या मॉडेलमध्ये धूर मागच्या बंपरच्या दोन टोकांतल्या भोकांतून बाहेर पडतो. १९६१ साली मागचा भाग बदलला आणि नळ्या बॉडीखाली गेल्या. माझ्या आधी ज्याची गाडी होती त्याने १९६१सारख्याच नळ्या बॉडीखाली नेल्या होत्या, भोकं नुसती आ वासून. मला त्या परत भोकांतून हव्या होत्या. इंजिन, ब्रेक, वायरिंग सगळं न्यू जर्सीतल्या आमच्या गराजमध्ये सुरळीत झालं. नळ्या वाकवायचं मशीन माझ्याकडे नाही, म्हणून वर्कशॉपमध्ये गेलो आणि फसलो.

त्यांनी फ्रेमला धरून गाडी लिफ्टवर चढवली. मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, खाली लोंबकळत होता. त्याच्यावरून नळी नेली, टोक भोकाच्या बरोब्बर मध्यावर. मी कौतुकाने फोटोही काढला! रस्त्यावर पहिल्याच खड्ड्यात खालून दणका. चाकांवर वजन येताच अ‍ॅक्सल वर सरकतो, मग ती मोकळी जागा उरतेच कुठे?

दोन आठवड्यांनी दुसरी फेरी. नळी वर उचलून पक्की वेल्ड केली. आता अर्ध्या तासानंतर बंपर टणटण वाजू लागला, आणि गाडी थंड झाली की एकदम चिडीचूप. तिसऱ्या फेरीला ती रात्रभर तिथेच उभी राहिली, साहजिकच सकाळी त्यांना काही सापडेना. "इथे तर आवाज येत नाही," आणि मजुरीचं बिल. अहो, दोन मीटर पोलादी नळी दोनशे अंश सेल्सियसने तापली तर पाचएक मिलिमीटर लांबते, आणि वाकणांमुळे टोक आडवंही सरकतं. हे मी काउंटरवर कागदावर मांडून दाखवलं. तिथल्या माणसाने कागद घडी घालून परत दिला.

शेवटी घरीच रॅम्पवर गाडी चढवली, वेल्ड कापला, तिथे सरकता सांधा आणि क्लॅम्प लावला, टोकाला नळी टांगून धरणारा रबरी हँगर. बायको मागे टॉर्च घेऊन उकिडवी बसली. "वरच्या बाजूने बोट जात नाहीये," ती म्हणाली. सैल कर, ढकल, आवळ. चारी बाजूंनी बोटभर फट मिळेपर्यंत दुपार कलली. मग वीस मिनिटं इंजिन चालवून पुन्हा पाहिलं. गरम असताना बोट घालू नका, लाकडाची पट्टी वापरा.

हो, टोक बंपरच्या थोडं बाहेर ठेवा, नाहीतर काजळी क्रोमवर बसते. सांध्यांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि या गाडीत तुम्ही त्या नळ्यांच्या फार जवळ बसता. बॉडी फायबरग्लासची आहे, तेव्हा नळी जिथे जवळून जाते तिथे उष्णतारोधक पत्रा हवाच.

आणि बंपरला क्रोम सगळ्यात शेवटी करून घ्या. मी आधी केलं. डाव्या भोकाच्या कडेला दुसऱ्या फेरीचा ओरखडा आहे, दर रविवारी गाडी पुसताना फडकं तिथेच अडतं.